बाटली आधी की आकडा आधी?

नागपूरहून बैतुलकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहरापासून सुमारे ३५ ते ४० किलोमीटरवर असलेले सावनेर मराठी वाचकाला परिचित आहे ते राम गणेश गडकरी यांचे निधन तेथे झाले म्हणून; वैद्यकाच्या अभ्यासकाने मात्र या तालुक्याकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. भूमिगत कोळसा खाणी, संत्र्याच्या बागा, कापसाची शेती आणि विदर्भातले मे महिन्याचे ऊन या चार गोष्टी येथे एकत्र येतात, आणि त्यामुळे माणसाच्या रक्तातील पाणी, क्षार व आम्लता यांचा तोल ज्या वाटांनी ढळतो त्यांपैकी बऱ्याच वाटा या एकाच तालुक्यात सापडतात. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. ऊन लागून ग्लानी आलेला, झाडा-उलट्यांनी खंगलेला, घोणस चावल्यावर लघवी बंद झालेला किंवा इन्सुलिन सुटल्यामुळे धापा टाकणारा मधुमेही असा कोणताही रुग्ण आधी तालुक्याच्या रुग्णालयात येतो आणि प्रकृती ढासळू लागली की त्याला नागपूरच्या ‘मेडिकल’ला किंवा ‘मेयो’ला रेफर केले जाते.

या दोन टोकांवर वैद्यकाचे दोन स्वभाव घडतात. येथे त्यांना सावनेरकर आणि नागपूरकर अशी नावे दिली आहेत. सावनेरकर हे तालुक्यात आयुष्य घालवलेले ज्येष्ठ फिजिशियन आणि नागपूरकर या अतिदक्षता विभाग सांभाळणाऱ्या, वयाने लहान अशा तज्ज्ञ. दोघेही कल्पित आहेत, परंतु त्यांच्यातील मतभेद प्रत्यक्षातला आहे, आणि रुग्ण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो तेव्हा तो रुग्णाच्या शरीरावरच लढला जातो.

वादाला तोंड फुटते ते सोडिअमवरून. सोडिअम, पोटॅशिअम, क्लोराइड, बायकार्बोनेट यांसारखे पाण्यात विरघळल्यावर विद्युतभार धारण करणारे कण म्हणजे इलेक्ट्रोलाइट्स. त्यांतील सोडिअम पेशींच्या बाहेरच्या द्रवात सर्वाधिक असते आणि दर लिटर रक्तद्रवात त्याचे प्रमाण साधारणतः १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट या मर्यादेत राहते. सावनेरकरांचे म्हणणे असे की, हा आकडा हाती नसला तरी उपचार अडत नाही, कारण घामाचा इतिहासच तो आकडा सांगतो. आपल्या म्हणण्याला आधार म्हणून ते खाणकामगारांचेच उदाहरण देतात: इंग्लंडमधील उष्ण कोळसा खाणींत काम करणाऱ्या मजुरांना विलक्षण वेदनादायक पेटके येत असत, आणि के. नेव्हिल मॉस यांनी १९२३ साली हे दाखवून दिले की घामावाटे मीठ गमावून वर निव्वळ पाणी पिणाऱ्या मजुरांना हा त्रास होतो व पाण्यात थोडे मीठ घातले की तो टळतो. “सावनेरच्या शेतात राबणाऱ्या बाईने उन्हाळ्यात मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे प्यावे, हे सांगण्यासाठी प्रयोगशाळेची वाट कोणी पाहिली नव्हती, मॅडम,” असे ते म्हणतात, आणि त्या वाक्यात लोकांच्या शहाणपणाविषयी खरा आदर आहे.

नागपूरकरांचे उत्तर याच उदाहरणातून निघते. “सर, त्याच शेतातून त्याच दिवशी दोन माणसे ग्लानीत आली असे समजा. एकाने दिवसभर पाण्याचा थेंबही घेतला नाही. घाम रक्तापेक्षा कमी खारट असल्याने त्याच्या शरीरातून मिठापेक्षा पाणी अधिक गेले आणि सोडिअम १६५ पर्यंत चढले. दुसरी वृद्धा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेते, दोन दिवस फक्त पाणी पीत राहिली आणि तिचे सोडिअम ११२ पर्यंत उतरले. दोघांची जीभ कोरडी, दोघांची नाडी जलद, दोघेही हाकेला अर्धवट ओ देणारे. घामाचा इतिहास दोघांचा एकच आहे, मग बिछान्याशेजारी उभे राहून यांतला कोण कोणता हे कसे सांगणार?”

या प्रश्नावर सावनेरकर जे उत्तर देतात ते वरवर पाहता टाळाटाळ वाटेल, पण त्यात शरीरशास्त्राचा एक सुंदर हिशेब दडलेला आहे. ज्याला खेड्यापाड्यांत नुसते ‘सलाईन’ म्हटले जाते, त्या ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात दर लिटरला १५४ मिलिइक्विव्हॅलंट सोडिअम असते. म्हणजे १६५ असलेल्या रक्ताच्या तुलनेत ते सौम्य आणि ११२ असलेल्या रक्ताच्या तुलनेत खारट ठरते. रक्तदाब कोसळलेला असेल तर ती एकच बाटली पहिल्याचे सोडिअम खाली आणि दुसरीचे वर, म्हणजे दोघांनाही मध्याकडे नेते. अपुऱ्या रक्तपुरवठ्याने मूत्रपिंडे निकामी होण्याची वाट पाहत आकड्यासाठी थांबणे हा दोघांवरही अन्याय होईल, असे सावनेरकर म्हणतात, आणि एवढ्यापुरते ते निःसंशय बरोबर आहेत.

परंतु धोका सुरू होतो तो बाटली यशस्वी झाल्यानंतर. शरीरात द्रव कमी पडला की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक स्रवते, ते मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावते, आणि या धरून ठेवलेल्या पाण्यामुळेच त्या वृद्धेचे सोडिअम उतरलेले असते. दोन-तीन बाटल्यांनी रक्ताभिसरण सावरले की हे संप्रेरक थांबते, मूत्रपिंडे साठलेले पाणी भराभर बाहेर टाकू लागतात, पाण्यासारखी स्वच्छ लघवी तासातासाला भरपूर होते, आणि डॉक्टरांनी आणखी काही न देताही सोडिअम एका दिवसात १५-२० ने उसळी घेऊ शकते. मेंदूच्या पेशींनी साधारण दोन दिवसांत आपल्यातील काही द्रव्ये बाहेर टाकून कमी सोडिअमशी जुळवून घेतलेले असते. बाहेरचे रक्त एकाएकी खारट झाले की त्या आकसतात आणि मज्जातंतूंवरील आवरण झडू लागते. १९५९ साली ॲडम्स, व्हिक्टर आणि मॅन्कॉल यांनी मद्यपी व कुपोषित रुग्णांत प्रथम वर्णन केलेली ही विकृती उपचारानंतर काही दिवसांनी, रुग्ण सुधारल्यासारखा वाटत असतानाच उघड होते: बोलणे अडखळते, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. म्हणूनच दीर्घकाळ कमी राहिलेले सोडिअम चोवीस तासांत ८ ते १० पेक्षा अधिक वाढू देऊ नये, असा दंडक रुजला. अलीकडच्या काही मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांत अतिसंथ सुधारणेच्या गटात मृत्यू अधिक आढळल्याने त्यावर पुन्हा चर्चा सुरू आहे, हे नागपूरकर स्वतःहून सांगतात. पण ज्याचे सोडिअम १०५ च्या खाली आहे, पोटॅशिअमही कमी आहे, पोटात अन्न नाही आणि दारूचे व्यसन आहे, अशा रुग्णाच्या बाबतीत त्या हा दंडक सैल करायला तयार नाहीत. अपवाद झटके येणाऱ्या रुग्णाचा: त्याला ३ टक्के मिठाच्या पाण्याचे १०० ते १५० मिलिलिटर दहा मिनिटांत द्यावेच लागतात, आणि सोडिअम अवघे ४ ते ६ ने वाढले तरी मेंदूची सूज ओसरू लागते.

येथे दोघांचे एका खुणेवर एकमत होते आणि ती खूण कोणत्याही यंत्राविना दिसते. लघवीची पिशवी एकाएकी भरू लागली की बाटली थांबवून सोडिअम मोजायचे. सावनेरकर आजवर लघवी सुटणे ही सुटकेची खूण मानत आले. ती सावधगिरीचीही खूण आहे, हे मान्य करताना त्यांना काही क्षण लागतात.

यानंतर सावनेरकर आपला सर्वांत बळकट मुद्दा पुढे आणतात. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली, शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांतून वाटले, आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. तेथे एकाही रुग्णाचे सोडिअम मोजून उपचार झाला नव्हता. “मग आकड्याशिवाय माणसे वाचतात, हे इतिहासाने सिद्ध केलेच आहे ना?”

“आकडा होता, सर, फक्त तो दुसऱ्या कोणीतरी आधी मोजून ठेवला होता,” हे नागपूरकरांचे उत्तर या संपूर्ण संवादातील सर्वांत विचार करण्याजोगे आहे. पटकीच्या रुग्णाच्या रक्तातून पाणी आणि क्षार हरवतात हे विल्यम ओ’शॉनेसी यांनी १८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये रक्ताचे पृथक्करण करून दाखवले, त्या आधारावर थॉमस लॅटा यांनी १८३२ साली स्कॉटलंडमध्ये रुग्णाच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले, आणि पुढे कोलकाता व ढाका येथील संशोधकांनी जुलाबावाटे नेमके किती सोडिअम व पोटॅशिअम जाते आणि ग्लुकोजच्या सोबतीने आतडे सोडिअम कसे शोषून घेते याची मोजदाद केली. बनगावच्या पिंपात ती सगळी मोजमापे विरघळलेली होती. आज आशासेविकेच्या पिशवीत असलेल्या ओआरएसच्या पुडीतही तेच आहे: २००२ पासूनच्या सूत्रात दर लिटरला ७५ सोडिअम, ७५ ग्लुकोज, २० पोटॅशिअम, आणि एकूण तीव्रता २४५, जी पूर्वी ३११ होती. मोजणे आणि तत्काळ कृती करणे यांत विरोध मानणे हीच मुळात चूक आहे, असे प्रस्तुत लेखकाचेही मत आहे. कोणाचे मोजलेले कोणाच्या कामी येते, एवढाच प्रश्न असतो.

आम्लतेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे आकडा हाती असूनही फसवतो. रक्ताची आम्लता पीएच या मापाने मोजतात. निरोगी शरीरात ती ७.३५ ते ७.४५ असते, त्याहून कमी म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेले. हा तोल दोन ठिकाणांहून सांभाळला जातो: फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड हा आम्लकारक वायू बाहेर टाकतात आणि मूत्रपिंडे बायकार्बोनेट हे आम्ल शमवणारे द्रव्य राखतात. ऑगस्ट १९५२ मध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओची भीषण साथ आली, तेव्हा गुदमरून मरणाऱ्या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण वाढलेले आढळत होते आणि तेथील डॉक्टर त्याचा अर्थ शरीरात अल्कली वाढली आहे असा लावत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी तोच आकडा पाहून सांगितले की ही अल्कली नव्हे, छातीचे स्नायू लुळे पडल्यामुळे बाहेर न पडू शकलेला वायू आहे. त्यांनी श्वासनलिकेत नळी बसवून हाताने फुगा दाबत श्वास देण्यास सुरुवात केली. पुढे सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हे काम केले. साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत जुन्या श्वसनयंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले होते. नव्या पद्धतीने मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आजचा अतिदक्षता विभाग या एका आकड्याच्या नव्या वाचनातून जन्मला आहे.

सावनेरकरांना ही हकिकत आपल्या बाजूची वाटते: “म्हणजे आकड्यापेक्षा रुग्ण पाहणाऱ्याचे खरे ठरले.” नागपूरकरांना ती आपल्या बाजूची वाटते: आकडा नसता तर इब्सेन यांना वादच जिंकता आला नसता. दोघांचे समाधान करणारे उदाहरण मधुमेहातील किटोआम्लतेचे आहे, ज्यात इन्सुलिनच्या अभावी चरबी जळून रक्तात आम्ले साठतात आणि रुग्ण खोल, जलद श्वास घेऊ लागतो. त्याचे बायकार्बोनेट १० पर्यंत उतरले असेल, तर शाबूत फुप्फुसांनी कार्बन डायऑक्साइडचा दाब किती खाली आणायला हवा याचे एक साधे गणित आहे: बायकार्बोनेटची दीडपट करून त्यात ८ मिळवायचे, म्हणजे २३, दोन इकडे किंवा तिकडे. दाब २३ असेल तर पीएच सुमारे ७.२६ राहते. तो ३६ आला, तर अहवालावर त्याच्यापुढे ‘सामान्य’ असे छापून येईल, कारण निरोगी माणसाची मर्यादा ३५ ते ४५ आहे. प्रत्यक्षात पीएच ७.०६ झालेली असते आणि रुग्णाची छाती थकत आलेली असते. हे कळायला यंत्र हवे, पण तासापूर्वी मिनिटाला ३६ असलेले श्वास आता २० वर आले आणि तरीही रुग्ण अधिकच सुस्त झाला, हे घड्याळ घेऊन उशाशी बसलेल्यालाही कळते. अशा रुग्णाला नळी घालून व्हेंटिलेटरवर मिनिटाला १४ श्वासांवर ठेवले, तर त्याच्या शरीराने उभारलेला एकमेव बचाव यंत्राने काढून घेतल्यासारखे होते.

सोडा-बायकार्बचे इंजेक्शन हा सावनेरकरांच्या पिढीचा जुना आधार. आम्ल वाढले तर सोडा द्यावा, हे तर्काला पटते. पण त्या सोड्याचा शरीरात कार्बन डायऑक्साइडच होतो, तो टाकणारी फुप्फुसे थकलेली असतील तर आम्लता आणखी गहिरी होते, आणि कॅल्शियम व पोटॅशिअम दोन्ही खाली येतात. फ्रान्समधील २६ अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पीएच ७.२० किंवा त्याहून कमी असलेल्या ३८९ रुग्णांमध्ये सोडा देण्या-न देण्याने एकूण निकालात फरक पडला नाही. फक्त ज्यांची मूत्रपिंडे बरीच बिघडली होती त्यांना लाभ दिसला. त्यामुळे नागपूरकर सोडा नाकारत नाहीत, त्याचे स्थान आखून देतात: किटोआम्लतेत इन्सुलिन व द्रव, जंतुसंसर्गाच्या आघातात प्रतिजैविक व रक्तदाब, जुलाबात गमावलेले क्षार, आणि मूत्रपिंडे बंद पडली असतील तर डायलिसिसपर्यंत पोहोचण्यापुरता सोडा.

कोणती बाटली लावावी, हा वाद त्यामानाने लवकर मिटतो. साध्या सलाईनमध्ये क्लोराइडही १५४ असते, रक्तात ते शंभराच्या आसपास असते, म्हणून अनेक लिटर दिल्यास सलाईन स्वतःच आम्लता निर्माण करते. रिंगर लॅक्टेटमध्ये क्लोराइड १०९ आणि शरीरात बायकार्बोनेट बनू शकणारे लॅक्टेट २८ असते. अमेरिकेत सुमारे १५,८०० रुग्णांवर झालेल्या २०१८ च्या चाचणीत मृत्यू किंवा मूत्रपिंडांची गंभीर हानी संतुलित द्रवाच्या गटात १४.३ टक्के आणि सलाईनच्या गटात १५.४ टक्के आढळली. नंतर ब्राझील (२०२१) आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड (२०२२) येथील मोठ्या चाचण्यांत मृत्यूंमध्ये स्पष्ट फरक दिसला नाही. लघवी बंद असलेल्या रुग्णाला पोटॅशिअमच्या भीतीने रिंगर लॅक्टेट न देण्याची सावनेरकरांची सवय मात्र त्यांना सोडावी लागते, कारण त्यात पोटॅशिअम अवघे ४ असते आणि ४ चा द्रव ६ असलेल्या रक्ताला ७ वर नेऊ शकत नाही. डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी साधे सलाईनच बरे, यावर दोघे सहमत आहेत.

पोटॅशिअमच्या बाबतीत मात्र भूमिकांची अदलाबदल होते, आणि हे पाहण्यासारखे आहे. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशिअम पेशींच्या आत असते, रक्तात ३.५ ते ५ एवढेच फिरते. उन्हाने किंवा दबून चिरडल्याने स्नायू फुटले, घोणसच्या विषाने मूत्रपिंडे बंद झाली, तर आतला साठा बाहेर येतो आणि हृदय काही मिनिटांत थांबू शकते. येथे “अहवाल येऊ द्या” असे म्हणायला नागपूरकर तयार नाहीत: ईसीजीवर टी-लहर तंबूसारखी टोकदार झाली आणि क्यूआरएसचा पट्टा रुंदावला, की १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० मिलिलिटर ईसीजीवर नजर ठेवून शिरेतून सावकाश द्यायचे, पाठोपाठ १० युनिट इन्सुलिन आणि २५ ग्रॅम ग्लुकोज. थांबायला सांगतात ते सावनेरकर, कारण आवळून बांधलेल्या पट्ट्याखालून, बारीक सुईने ओढलेल्या आणि उन्हात मोटारसायकलवरून प्रयोगशाळेत गेलेल्या नमुन्यात रक्तपेशी फुटून पोटॅशिअम खोटेच वाढलेले त्यांनी अनेकदा पाहिलेले असते. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले, देशभर खळबळ माजली, आणि नंतर हवामान विभागाने संवेदकातील दोषाकडे बोट दाखवले. त्या दिवशी उकाडा खराच होता, आकडा खोटा होता. पोटॅशिअम ७.२ आले, ईसीजी स्वच्छ आहे आणि रुग्ण लघवी करतो आहे, तर नमुना पुन्हा घ्यावा. ईसीजी बिघडला असेल तर मात्र नमुन्याच्या खरेखोटेपणाची चर्चा नंतर करावी. जुलाबांनी पोटॅशिअम २ वर उतरलेल्या रुग्णाबाबत वाद नाहीच: केसीएलची २० मिलिइक्विव्हॅलंटची कुपी शिरेत थेट कधीही रिकामी करायची नाही, ती पातळ करून तासाला १० ते २० या गतीनेच द्यायची, आणि मॅग्नेशिअम कमी असेल तर आधी ते भरायचे, नाहीतर दिलेले पोटॅशिअम लघवीतून निघून जाते.

कॅल्शियम ग्लुकोनेटचा परिणाम ३० ते ६० मिनिटे टिकतो. सावनेरहून नागपूरच्या रुग्णालयाच्या दारापर्यंत रुग्णवाहिकेला वाहतुकीनुसार साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि म्हणून संवादाचा शेवट उपचारांच्या तत्त्वावरून सरकून एका कागदाच्या कपट्यावर येतो. रेफर चिठ्ठीवर बहुधा एवढेच असते: ‘सलाईन दिले, पुढील उपचारासाठी पाठवीत आहे.’ नागपूरकर मागतात ते असे: कोणती बाटली, किती, किती वाजता, कॅल्शियम दिले असल्यास त्याची घटका, पहिल्या ईसीजीची पट्टी चिठ्ठीला टाचलेली, दर अर्ध्या तासाचा श्वासांचा दर, आणि लघवी सुटली असेल तर ती किती वाजता, कारण त्या क्षणापासून सोडिअमचे घड्याळ सुरू होते.

सावनेरकर हे सारे लिहायला कबूल होतात आणि बदल्यात एकच गोष्ट मागतात. नागपूरला पोहोचल्यावर रुग्णाचा जो पहिला आकडा येईल, सोडिअम, पोटॅशिअम, पीएच, तो त्याच संध्याकाळी फोनवरून सावनेरला कळावा. कारण बिछान्याशेजारी बांधलेला अंदाज बरोबर होता की चुकला, हे आजवर त्यांना रुग्ण घरी परतला किंवा परतला नाही एवढ्यावरूनच कळत आले आहे.